चानकी कोणाच्या वाट्याला आली, ते पण पुस्तकात येऊ द्या

प्रति,
शाळेची इतिहासाची पुस्तकं लिहिणारे, तपासणारे, आणि कुठला धडा ठेवायचा कुठला गाळायचा हे ठरवणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्याला घरीच क्लास घेते, सातवी ते दहावी, इतिहास-भूगोल आणि मराठी. चौदा वर्षं झाली, त्यामुळे ही पुस्तकं मला जवळजवळ पाठ आहेत, कुठल्या पानावर कुठला नकाशा आहे ते पण डोळे मिटून सांगेन. दुष्काळाच्या धड्यात घर चालवणाऱ्या बायका दिसत नाहीत, त्याबद्दल हे पत्र आहे. रागाने लिहीत नाहीये. पण खूप दिवसांचं मनात साचलंय आणि जुलैमध्ये क्लासमध्ये एक गोष्ट झाली, त्यानंतर ते आत राहीना. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

झालं असं, आठवीच्या मुलांना इंग्रजांच्या काळातले दुष्काळ शिकवत होते. 'दुष्काळाची कारणे लिहा' हा प्रश्न, ठरलेलं उत्तर, सारा रोख पैशात भरायची सक्ती, नगदी पिकं, धान्य रेल्वेने बंदरावर आणि तिथून बोटीने बाहेर, सरकारचं दुर्लक्ष. मुलं खाली मान घालून लिहून घेत होती. त्यातली एक मुलगी, कधी फारशी बोलत नाही, तिची आई इथल्याच सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाते, तिने पेन ठेवलं आणि विचारलं, "टीचर, पण मग घरी रोज जेवायला काय करायच्या?"

करायच्या. कोण, ते ती बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही. एका क्रियापदात सगळं आलं होतं. वर्गातल्या मुलांनाही काही खटकलं नाही, कारण पीठ संपलं, तेल संपलं, आता काय करायचं ही काळजी घरात कोणाची असते हे आठवीतल्या पोरालाही माहीत असतं. मी पुस्तक परत उघडून बघितलं. धड्यात व्हाइसरॉय होता, दुष्काळ आयोग होता, शेतकरी होता, सावकार होता. चूल नव्हती.

मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. उत्तर आतल्या खोलीत बसून लसूण सोलत होतं. माझी आई.

आई बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. मी तिला बाहेर बोलावलं, म्हटलं सांग यांना, आणि ती पहिल्यांदा लाजली, म्हणाली "त्यात काय सांगायचं, सगळ्यांचंच तसं व्हतं". मग बसली पलंगावर आणि पाऊण तास बोलत होती. शेतात तरवटा उगवला की त्याचा कोवळा पाला, घोळीची भाजी, कधी हुलगे मिळाले तर भाजून भरडून त्याचं पातळ माडगं, त्यात मीठ आणि असली तर एक मिरची. रेशनवर लाल मिलो मिळायचा, ज्वारीसारखं धान्य, अमेरिकेतून आलेलं, त्याच्या भाकरीला चिकटपणा म्हणून नाही, थापली की कडेने चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. मग आजीने युक्ती काढली, गरम पाण्यात उकड काढायची आणि थोडी थोडी मळायची. ही युक्ती गल्लीतल्या सगळ्या बायकांनी एकमेकींना सांगितली. मुलं ऐकत होती आणि मी विचार करत होते, की हा पण शोधच आहे ना. परक्या देशातलं न ओळखीचं धान्य आपल्या तव्यावर टिकवायचं कसं, हे लाखो घरांत बायकांनी काही दिवसांत शोधून काढलं, कुठल्या कागदावर त्याची नोंद नाही.

मग ती दुष्काळी कामांबद्दल बोलली. आजी खडी फोडायला जायची, नंतर पाझर तलावाच्या कामावर. तान्हा मामा बाभळीला बांधलेल्या झोळीत आणि आई त्याला झोका द्यायला. दुपारी सुकडी, म्हणजे कामावर वाटायचं पौष्टिक कोरडं खाणं, मिळायची, ती आजी अर्धी पदराला बांधून घरी आणायची. आणि मस्टरवर हजेरी घेताना मुकादम आजीचं नाव कधी घ्यायचाच नाही, आजोबांचं नाव घेऊन पुढे "ची बायको" म्हणायचा आणि आजी हात वर करायची. आईला तिच्या आईचं नाव कुणीतरी मोठ्याने घेतलेलं लहानपणी ऐकल्याचं आठवत नाही.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढ्या लोकांना काम देऊन उपासमार रोखली, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, ती योजना मांडणारे वि. स. पागे, त्यांचं नाव आपण आदराने घेतो आणि घेतलंच पाहिजे. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा जो कायदा केला त्याचं मूळ पण इथेच आहे. पण त्या ५० लाखांत केवढ्या बायका होत्या, घमेली वाहणाऱ्या, खडीच्या ढिगावर दिवसभर हातोडी चालवणाऱ्या. जुने फोटो बघा ना, सगळीकडे डोक्यावर पदर आणि हातात हातोडी. योजना कुणी आखली ते मुलांना सांगायचं आणि ती कुणाच्या अंगावर उभी राहिली ते गाळायचं, हे बरोबर वाटत नाही मला.

आता चानकीचं सांगते, ज्यासाठी खरं हे सगळं लिहायला घेतलं.

भाकऱ्या झाल्या की परातीला जे पीठ चिकटून राहतं ना, ते खरवडून त्याची तळहाताएवढी शेवटची भाकरी करतात, तिला चानकी म्हणतात. खात्यापित्या घरात ती लहान लेकराला मिळते, हौसेने, गरम गरम, वर तूप टाकून. बहात्तरला आमच्या घरात ती आजीची होती. सगळ्यांची ताटं झाली, सगळे जेवून उठले की आजी चानकी खायची आणि वर तांब्याभर पाणी. आई म्हणाली, "आम्हाला वाटायचं आईला चानकीच आवडती." हे सांगताना तिचा आवाज अजिबात बदलला नाही, ती लसूण सोलतच होती. पण वर्गात एकदम शांतता झाली.

आणि हे बहात्तरला संपलं नाही हो. लग्नानंतर आई-वडील तुर्भ्याच्या दगडखाणीवर आले. नंतर खाणीतलं काम सुटलं तेव्हा आई वाशीच्या मार्केटला कांदा निवडायला जायची, आणि दाणा मार्केटला ट्रक खाली झाला की पोत्यातून सांडलेलं धान्य झाडून गोळा करायला. मी पाच-सहा वर्षांची असेन, मी पण जायचे. चार-पाच बायका कुंचे घेऊन उभ्या असायच्या, हमाल शेवटचं पोतं उचलायचे की या पुढे. घरी आणून ती ते सुपात पाखडायची, माती उडवायची, मग खडे वेचायची, मग पाण्यात घोळून पत्र्यावर वाळवायची. गहू, ज्वारी, हरभरा, मका सगळं एकत्र, तसंच गिरणीत. त्या भाकरीचा रंग रोज वेगळा असायचा. आणि तिथे पण शेवटची चानकी आईचीच. मी पण मोठी होईपर्यंत समजत होते की तिला ती आवडते.

त्याच मार्केटमधल्या माथाडींना १९६९ चा कायदा मिळाला, संघटना मिळाली, अण्णासाहेब पाटलांचं नाव नवी मुंबईत लहान मुलाला पण माहीत आहे, फार मोठं काम आहे ते. पण कुंचा घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या कामाला नाव पण नव्हतं. आई नुसतं "झाडायला जाते" म्हणायची.

मी हे घरातलं का सांगतेय तुम्हाला, तर मला असं दिसतं की अन्नाचा इतिहास आपण गोदामापर्यंतच लिहितो. किती पिकलं, किती निर्यात झालं, कुठून आयात केलं, कोणत्या मंत्र्याने निर्णय घेतला. पुस्तकात गोदामातून निघालेलं धान्य थेट आकड्यांत जातं, मधलं घर वगळून. आणि त्या मधल्या घरात जे झालं ते बायकांनी केलं. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं ना, की धान्य अगदीच नव्हतं म्हणून नाही, ते विकत घ्यायची ताकद ज्यांच्याकडे राहिली नाही ती माणसं मेली, २० ते ३० लाख माणसं. मग पुढचा प्रश्न घराच्या आतला येतो, की एका घरात एकच भाकरी असली तर तिच्यावर कोणाचा हक्क आधी. तो प्रश्न मुलांपर्यंत कधी जातच नाही. त्याच बंगालमध्ये मार्च १९४३ मध्ये, दुष्काळ पुरता दिसायच्या आधीच, महिला आत्मरक्षा समिती या बायकांच्या संघटनेच्या हजारो बायका तांदळासाठी कलकत्त्याच्या विधानसभेवर चालून गेल्या होत्या. त्यांना कळलं होतं काय येतंय ते. रोज माप घालणाऱ्या हाताला सगळ्यात आधी कळतं.

सावित्रीबाईंचंच घ्या. मुलींची शाळा, अंगावर झेललेलं शेण, प्लेगच्या वेळी पाठीवर आणलेलं लेकरू, हे मुलांना येतं, चांगलं येतं. पण २० एप्रिल १८७७ ला त्यांनी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र किती मुलांना माहीत आहे? १८७६-७८ चा तो भयंकर दुष्काळ, देशात ५० लाखांहून जास्त माणसं गेली त्यात, आणि या बाई नवऱ्यापासून लांब, दुष्काळी भागात मुक्काम करून काम करत होत्या. जनावरं तडफडून मरतायत, माणसं गावं सोडून चाललीयत, पाला खाऊन जगतायत, सावकार लुटतायत, सगळं त्या पत्रात आहे. तिथे पन्नास सत्यशोधकांना धरलं होतं, सावित्रीबाईंनी कलेक्टरपुढे बाजू मांडली आणि ते सुटले. हे पत्र म्हणजे दुष्काळात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या मराठी बाईने लिहिलेला अहवाल आहे. त्याच वर्षी रिचर्ड टेम्पल हा इंग्रज अधिकारी दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला १ पौंड धान्य आणि १ आणा पुरतो असं ठरवत होता, त्या टेम्पलला आपण इतिहासात जागा देतो. मग दुष्काळाच्या धड्यात टेम्पलच्या शेजारी सावित्रीबाई का नकोत? त्या फक्त 'समाजसुधारणा' या धड्याच्या मालकीच्या आहेत का?

तुमच्या पुस्तकांत बाई येते, येत नाही असं मी म्हणणार नाही. पण ती बहुतेक वेळा चौकटीत येते. मुख्य मजकूर पुरुषांचा चालू असतो आणि बाजूला रंगीत चौकट, 'तुम्हाला माहीत आहे का?'. मुलं फार हुशार असतात हो, त्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं की चौकटीवर प्रश्न येत नाही. मग ती वाचतच नाहीत.

आणि जिथे बायका अन्नासाठी रस्त्यावर आल्या, तिथे तर खरा इतिहास फिरलाय, चौकटीत मावणारा नाहीये तो. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका पाव मिळेना म्हणून पावसात चालत व्हर्सायला गेल्या आणि राजाला घेऊनच परत आल्या. ८ मार्चला आमच्या सोसायटीत दरवर्षी आम्हाला गुलाबाचं फूल आणि कूपन देतात, मला आवडतं ते, पण त्या तारखेला १९१७ मध्ये काय झालं होतं ते मी गेल्या वर्षी सांगितलं तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पेट्रोग्राडमध्ये पावासाठी रांगा लावून थकलेल्या बायका आणि कापड गिरण्यांतल्या कामगार बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे ती २३ फेब्रुवारी होती, आणि आठवड्याभरात झारने गादी सोडली. महिला दिनाची तारीख भाकरीच्या मोर्च्याची आहे.

एवढं लांब पण जायला नको. १९७२ लाच, आमची आजी मिलोच्या भाकरीशी झगडत होती तेव्हा, इकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या सगळ्या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई विरोधात एकत्र आल्या. लाटणं मोर्चा. हातात लाटणी, थाळ्या वाजवत, तेल द्या, साखर द्या, रेशन नीट द्या. गृहिणी, कधी घराबाहेर घोषणा न दिलेल्या. आईच्या शेजारी बसून हे वाचलं तर दोन चित्रं जुळतात, गावात खडी फोडणारी आणि शहरात लाटणं उगारणारी, एकाच दुष्काळातल्या दोघी. हा धडा आपल्या राज्याचा आहे, आपल्या जवळच्या वर्षांचा आहे, त्यातल्या कितीतरी बायका अजून हयात आहेत.

हरितक्रांती शिकवताना पण तेच. शास्त्रज्ञ बोरलॉग आणि स्वामिनाथन, कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम. तिघांचंही ऋण आहे आपल्यावर, शंकाच नाही. पण वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३० च्या दशकात कोइमतूरला उसाच्या संकरावर जे काम केलं ते उसाच्या महाराष्ट्रातल्या मुलांना कळू नये? आणि कमला सोहोनी तर आपल्या मराठी, १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला, या हटल्या नाहीत, शेवटी प्रवेश मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन परत आल्या. आणि पुढे काम कशावर केलं, तर गरिबाच्या ताटावर. डाळी, तांदूळ, नीरा, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा काय फायदा होतो ते तपासलं. माझ्या क्लासमधल्या एका मुलाने हे ऐकून विचारलं की मग यांचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात येतं की इतिहासाच्या, मी म्हटलं दोन्हीकडे यायला हवं.

बियाण्याबद्दल सांगितलं नाही तर आजी मला माफ करणार नाही. आमच्या गावच्या घरात उतरंड होती, एकावर एक गाडगी. वरून तिसऱ्या गाडग्यात दोन पायल्या जोंधळा, राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात, पुढच्या पेरणीचा. बहात्तरला घरात चार लेकरं पाल्यावर दिवस काढत होती आणि दोन पायल्या जोंधळा हाताच्या अंतरावर होता. आजीने त्याला हात लावला नाही. आई सांगते, एकदा रात्री आजोबा म्हणाले उतरव ते, आजी नाही म्हणाली, आजोबांना नाही म्हणालेली आईने ऐकलेली ती एकच वेळ. त्र्याहत्तरला पाऊस झाला, गावात कितीतरी जणांकडे बी नव्हतं, आमची पेरणी झाली. सातबाऱ्यावर पीक आजोबांच्या नावाने लागलं.

आज राहीबाई पोपेरे यांना आपण बीजमाता म्हणतो, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, शाळेत न गेलेल्या, गावरान वाण जपले म्हणून २०२० ची पद्मश्री. खूप आनंद झाला होता आईला टीव्हीवर बघून, "आपल्यासारखंच लुगडं नेसलीय" म्हणाली. पण राहीबाई एकट्या नाहीत ना, त्या शेकडो वर्षांच्या रांगेतल्या आहेत, त्या रांगेतल्या बाकीच्यांचं काय. आणि जमिनीचं बघा, २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेतजमिनीच्या वहिवाटदारांत बायका देशात सुमारे १४ टक्के. इथे नवी मुंबईत माझ्या ओळखीच्या एक आगरी काकू आहेत घणसोलीच्या, जिथे आता टॉवर आहेत तिथे त्यांनी गुडघाभर चिखलात भाताची आवणी केलीय, अजून हाताने दाखवतात इथून तिथपर्यंत आमचं खारं शेत. जमीन गेली तेव्हा कागद पुरुषांच्या नावावर होते, पैसे त्यांना मिळाले. त्यांना कुणी विचारलं पण नाही, खाऱ्या जमिनीत कुठलं भात टिकतं हे त्यांना माहीत होतं तरी.

कुणी म्हणेल हे सगळं झालं गेलं, आता कशाला. म्हणून आजचं सांगते. २०२४ मध्ये जगात साधारण ६७ कोटी ३० लाख माणसं उपाशी होती, संयुक्त राष्ट्रांचा आकडा आहे. आणि २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला दाणा मार्केटमधली ती जमीन आठवते आणि आईचा कुंचा. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय, शेती आणि अन्नाच्या कामात बायका आणि पुरुषांमधली दरी भरून निघाली तर साडेचार कोटी माणसांची अन्नाची ददात कमी होईल. म्हणजे तिचं काम मोजलं जाणं, तिच्या नावावर जमीन असणं, तिला कर्ज मिळणं, यावर कुणाचं तरी पोट अवलंबून आहे. आपल्याकडे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. कारणं खूप असतात, पाळी, बाळंतपणं, मला माहीत आहे. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं हे पण त्यात आहे, आणि ते घराघरांत अजून चालू आहे, आपल्या ठाण्या-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये पण. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीची पोळ्या करायला जाणारी आई, सात घरांच्या पोळ्या करून दुपारी साडेतीनला घरी येते आणि सकाळचा भात खाते.

सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. दोन सेनापतींची नावं बातम्यांत रोज येतात आणि उद्या पुस्तकांत पण येतील. तिथे गल्लोगल्ली लोकांनी सामुदायिक चुली चालवल्या, मोठ्या पातेल्यात मिळेल ते शिजवून रांगेतल्या लेकरांच्या वाटीत घातलं, त्यात कितीतरी बायका आहेत. तुमच्यासारखेच कुणीतरी सर-मॅडम वीस वर्षांनी तो धडा लिहायला बसतील तेव्हा त्या पातेल्यापाशी कोण होतं हे त्यांनी लिहावं, असं मला मनापासून वाटतं. आणि ती सवय आपण आपल्या दुष्काळापासून लावली तरच लागेल.

सरकारला हे थोडं कळलंय. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई लागते. आईच्या कार्डावर ते आलं तेव्हा ती ते कार्ड दोनदा हातात घेऊन बघत होती, स्वतःचं नाव पहिलं. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं नाव लिहायचं. कागद सुधारतायत. कायदा करणाऱ्यांना जे मान्य आहे, की धान्य घरात तिच्या हातून लेकरापर्यंत जातं, ते इतिहासाच्या धड्यात पण येऊ शकतं ना?

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याचंच आहे हे, बोर्डी आणि कोसबाड, आता पालघरात गेलं ते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी चालवली, अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथून आली. आज देशभरात लाखो लेकरं अंगणवाडीत जाऊन गरम खिचडी, उसळ खातात. हे शिक्षणाच्या इतिहासात एका ओळीत येतं, पण भुकेच्या इतिहासात पण यायला हवं, कारण ते तिथलंही आहे.

मी नवीन पुस्तक मागत नाहीये आणि कोणाचं नाव काढून टाका असं तर मुळीच म्हणत नाहीये, दुष्काळात दामाजीपंतांनी लोकांसाठी कोठारं उघडली ती गोष्ट मला पण आवडते, मी रंगवून सांगते. फक्त दुष्काळाचा धडा असेल तिथे सावित्रीबाईंच्या ओतूरच्या पत्रातला उतारा द्या. बहात्तर आलं की खडी फोडणाऱ्या बायका आणि लाटणं मोर्चा मुख्य मजकुरात घ्या, चौकटीबाहेर. आणि एक स्वाध्याय द्या, मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारायचं, टंचाईत तुम्ही काय रांधलं आणि तुम्ही स्वतः काय खाल्लं, आणि लिहून आणायचं. हा दुसरा प्रश्न नक्की घाला. पहिल्याचं उत्तर त्या पटकन देतात, दुसऱ्याला थांबतात. घाई करा जरा, कारण बहात्तर पाहिलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांचं कुठेच लिहिलेलं नाही. माझी आजी गेली तेव्हा मी तिला हे विचारलं नव्हतं.

ती मुलगी, तिने त्या दिवशी वहीत 'दुष्काळाची कारणे' च्या खाली एक रेघ मारून लिहिलं, 'घरी काय करायच्या' आणि पुढे तरवटा, घोळ, हुलग्याचं माडगं, मिलोची उकड काढून भाकरी, आणि शेवटी 'चानकी (आजीसाठी)'. सुंदर अक्षर आहे तिचं. मग मला वही दाखवून विचारलं, "टीचर, हे पेपरात लिहिलं तर मार्क देतील ना?"

मी तिला म्हटलं विचारून सांगते. म्हणून तुम्हाला विचारतेय. सहामाही जवळ आलीय, त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

आई घरीच असते, दुपारी चारनंतर कधीही या, त्याआधी तिचा डोळा लागलेला असतो. तुमच्यापैकी कोणी ऐकायला आलं तर माडगं करून घालीन म्हणालीये.

आपली,
कोपरखैरण्याची एक क्लासवाली